वरच्या उतारावरच्या चौदा ओळी

कुणाच्या द्राक्षबागेत कुणी छाटणी केली हे आमच्या गावात विचारावं लागत नाही. कापाकडे बघितलं की कळतं. काझिमीरबाबांचा काप तिरका, पाणी निथळून जावं असा. प्रॉस्पेरचा काप काडीवरच्या डोळ्यापासून चांगला बोटभर लांब, जरा भित्राच. आणि अरिस्तीद मार्लोचा काप स्वच्छ, एका दमात, कुठे साल फाटलेली नाही की तूस निघालेलं नाही. खालच्या बोन शहरापासून वरच्या खोऱ्यापर्यंत असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे अरिस्तीद स्वतःच सांगत फिरायचा. आणि वैताग असा की ते खरं होतं! छाटणीच्या स्पर्धेत त्यानं दोनदा फीत मिळवलेली. दोन्ही फिती त्यानं स्वयंपाकघरात अशा ठिकाणी टांगल्या होत्या की आल्यागेल्याचं डोकं त्यांना लागायचंच.

आता त्या फिती तिथे नाहीत. का नाहीत, ते सांगतो.

अरिस्तीद बुटका, रुंद खांद्यांचा गडी. तेव्हा पन्नाशीला आलेला. निळी बंडी, कानापर्यंत ओढलेली टोपी, आणि चालताना कायम इतरांच्या दोन पावलं पुढे. त्याची बायको इरेन म्हणायची, "याला पेटीत घालून नेतील तेव्हाही हा खांदेकऱ्यांना म्हणेल, जरा उचला पाय."

आमचं गाव खालच्या श्रीमंत गावांसारखं नाही. आम्ही खोऱ्यात, उंचावर. तिकडे द्राक्षं पिकतात त्याच्यानंतर आठ-दहा दिवसांनी आमची पिकतात, आणि कधीकधी पिकायचंच राहून जातं. माती पांढरी, चुनखडीची, कुदळ मारली की ठिणगी उडेल अशी. उतारावर काळं पिनो, त्याचे घड मुठीएवढे, गच्च. अगदी माथ्यावर आलिगोते, आंबट तोंडाचं. अशा थंड जागी वेलीवर माल जास्त लादला की वाईन पातळ होते. म्हणून इथे सगळा जीव छाटणीत.

छाटणीत अवघड असतं ते कापणं नव्हे, राखणं. खोडावर एक लांब काडी ठेवायची, ती तारेवर वाकवून बांधायची. यंदाची द्राक्षं तिच्यावर. आणि खाली, खोडालगत, दोन डोळ्यांचा एक आखूड खुंट ठेवायचा. त्याला यंदा विशेष काही लागत नाही. तो पुढच्या वर्षासाठी. पुढच्या वर्षीची काडी त्याच्यातून निघते. खुंट नाही ठेवला तर यंदा कुणाला पत्ताही लागत नाही, उलट घड बरे लागतात. पुढच्या हिवाळ्यात मालक कात्री घेऊन वेलीपुढे वाकतो आणि त्याला खोडाकडे मागे यायला, नवी काडी धरायला, जागाच सापडत नाही. आमच्याकडे एखाद्याला खरोखर लागेल असं बोलायचं असलं की 'खुंट न ठेवणारा' म्हणतात. म्हणणाऱ्याशी मग वर्षभर बोलणं बंद.

त्या वर्षी डिसेंबरात प्रॉस्पेर तळघराच्या गोठलेल्या पायऱ्यांवरून घसरला आणि वरून रिकामं पिंप त्याच्या अंगावर आलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. प्रॉस्पेर आणि अरिस्तीद एकाच वर्षी शाळेत गेलेले, एकाच वर्षी लष्करात, दोघांची घरं एकाच विहिरीच्या दोन बाजूंना. बावीस जानेवारीला संत व्हँसाँचा, द्राक्षवाल्यांच्या संतांचा दिवस. आमच्या गावच्या बागवाल्यांच्या मंडळाची रीत अशी की संतांची लाकडी मूर्ती दरवर्षी एका सभासदाच्या घरी राहायला जाते, आणि कुणी आजारी पडला तर त्याची बाग बाकीच्यांनी छाटायची. त्या साली पाळी प्रॉस्पेरचीच होती. मूर्ती नेऊन त्याच्या पलंगाशेजारी ठेवली आणि तिथेच उभ्या उभ्या मंडळात सगळ्यात वडील असलेल्या काझिमीरबाबांनी ओळी वाटल्या.

"वरच्या उतारावरच्या चौदा," बाबा म्हणाले. "कोण घेतो?"

सगळे एकदम टोप्या न्याहाळायला लागले. वरचा उतार म्हणजे सगळ्यात जुन्या, वाकड्या वेली, ओळीला दीडशे, आणि उत्तरेचा वारा थेट तोंडावर. चार दिवसांचं काम.

"मी," अरिस्तीद म्हणाला. "दोन दिवसांत."

"दोन दिवसांत तुझी बायको तुझे मोजेसुद्धा रफू करत नाही," बाबा म्हणाले.

"दोन म्हणजे दोन, बाबा! तिसऱ्या दिवशी सकाळी इथे बसून कॉफी पितो की नाही बघा."

पलंगावरून प्रॉस्पेरनं त्याचा हात धरला. डोळ्यांत पाणी. "अरिस्तीदची कात्री लागणार माझ्या वेलींना? मग दुसराही पाय मोडू दे की."

सगळे हसले. अरिस्तीदची छाती वीतभर वर आली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो वर गेला. बरोबर कोणी नाही, तेलाचं पिंप अर्धं कापून केलेली हातगाडी, तिच्यात काड्यांचा जाळ. वारा असा की डोळ्यातून आलेलं पाणी गालावरच गोठत होतं. पहिल्या तीन ओळी त्यानं अशा छाटल्या की स्पर्धेत पहिला आला असता. मग मान वर करून बघितलं, तर दुपार टळून गेलेली. तीन झाल्या, अकरा उरल्या. आणि खाली स्वतःची बाग अर्धीअधिक तशीच पडलेली.

चौथ्या ओळीच्या पहिल्या वेलीची खालची काडी नको त्या बाजूला होती. अशा वेळी वेलीभोवती फिरावं लागतं, वाकून बघावं लागतं, विचार करावा लागतो. अरिस्तीदनं लांब काडी ठेवली आणि खुंट न राखता बाकीचं साफ उडवलं. एकाच वेलीचं तर होतं. दुसऱ्या वेलीपाशी त्यानं खाली बघितलं, आणि बघितलं न बघितल्यासारखं केलं. दहाव्या वेलीनंतर तो बघतच नव्हता. लांब काडी, खटक, पुढे. लांब काडी, खटक, पुढे. आपण काय करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं, बरं का. उगाच त्याची बाजू घेत नाही मी. प्रत्येक वेलीपाशी ठाऊक होतं, आणि प्रत्येक वेळी तो मनात म्हणत होता की पुढच्या ओळीपासून नीट करू. कापलेल्या काड्या हातगाडीत जळत गेल्या. धूर झाला, उडून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो प्रॉस्पेरकडे कॉफी प्यायला हजर. गावभर बोलबाला! बाबांनीसुद्धा टोपी काढली.

मार्चमध्ये प्रॉस्पेरची बायको ओदिल काड्या बांधायला वर जाऊ लागली आणि अरिस्तीदनं आपला रस्ता बदलला. वरच्या उताराखालून जायची पायवाट सोडून तो ओढ्याकडून फिरून जायचा, पाऊण किलोमीटर जास्त. इरेननं विचारलं तर म्हणाला, गुडघ्याला बरं असतं. ईस्टरला प्रॉस्पेरकडून अख्खा हॅम आला, अजमोद्यात थिजवलेला, ओदिलच्या हातचा. अरिस्तीदच्या घशाखाली तो उतरेना.

"खारट झालाय का?" इरेननं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

खारट अजिबात नव्हता.

मे महिन्यात पहाटेचं हिव पडण्याची भीती सुरू झाली. त्या दिवसांत एकदा त्याच्या मनात असं काही आलं, की ते आठवलं तर अजूनही त्याची मान खाली जाते. त्याला वाटलं, जळू दे तो वरचा उतार. एका पहाटेत सगळ्या फुटी काळ्या पडू देत, म्हणजे काय राखलं होतं आणि काय नव्हतं, कुणाला कळायचं नाही. शेजारी पाय मोडून पडलाय आणि हा त्याच्या बागेवर हिव मागतोय! हिव पडलंच. पण गार हवा उतारावर थांबते थोडीच? ती घरंगळत खाली आली, ओढ्याकाठी साचली आणि तिथली अरिस्तीदची चार ओळी बाग जाळून गेली. वरच्या एका पानालाही धक्का नाही. प्रॉस्पेर कुबड्यांवर त्याच्या दारात आला आणि म्हणाला, "वाईट झालं रे. माझ्यातलं घे हवं तर." अरिस्तीदला त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नाही. प्रॉस्पेरला वाटलं, नुकसानीचं दुःख.

आणि सप्टेंबरात त्या चौदा ओळींना हा माल लागला! टोपल्या भरून भरून खाली येत होत्या. प्रॉस्पेर गाडीपाशी कुबड्या टेकून उभा, प्रत्येक टोपलीला ओरडतोय, "अरिस्तीदच्या ओळी! या अरिस्तीदच्या ओळी!" तोडणीची माणसं टाळ्या पिटत होती. अरिस्तीद पोट बिघडल्याचं सांगून दुपारीच घरी गेला.

यादीप्रमाणे पुढच्या जानेवारीत मूर्ती प्रॉस्पेरकडून अरिस्तीदकडे यायची होती. दिवस जवळ आला तसा त्याला घोर लागला. बावीस तारखेनंतर गावात छाटणी सुरू होते. प्रॉस्पेरला अजून चढ जमत नव्हता, म्हणजे मंडळातलं कुणीतरी वर जाणार, वाकणार, आणि त्याला कळणार. संत घरात, आणि दारात बातमी! शेवटी त्यानं ठरवलं की आपणच आधी जाऊन हळूच छाटून टाकायचं. मदत म्हणून. सगळ्या खुणा साफ. हो, हेही त्यानं ठरवलं होतं.

सतरा तारखेला सकाळी तो कात्री घेऊन वर गेला. धुकं होतं. पहिल्या तीन ओळी बघून त्याला जरा धीर आला, आपलाच हात, सुरेख. मग चौथ्या ओळीच्या पहिल्या वेलीपुढे तो वाकला.

खाली, जुन्या खोडातून, एक काडी निघाली होती. अशा फुटी मे महिन्यात बोटानं चोळून काढून टाकतात. त्यांना काही लागत नाही, वेलीचं बळ मात्र खातात. ही कुणी काढली नव्हती. उलट जपून वाढवली होती, आणि वाऱ्यानं मोडू नये म्हणून वाळुंजाच्या लवचीक काडीनं मातीत रोवलेल्या मेखेला बांधली होती. गाठ डाव्या बाजूला. अख्ख्या गावात डावखुरी बांधणारी एकच, ओदिल.

दुसरी वेल. काडी, गाठ डावीकडे. तिसरी. चौथी. जिथे खोडानं फूट दिलीच नव्हती तिथे काही नव्हतं, पण अशा वेली दहात एखादी. तो मागे गेला, पहिल्या तीन ओळी पुन्हा पाहिल्या. तिथे एकही बांधलेली काडी नाही; तिथे गरज नव्हती. बरोबर चौथीपासून चौदावीपर्यंत. तो नेमका कुठून घसरला ते तिनं वेलीनं वेल हातानं चाचपलेलं होतं, गेल्या मार्चपासून. त्यानंतर ईस्टरला तिनं हॅम पाठवला होता.

अरिस्तीद ओळीतच खाली बसला. गार मातीवर, भर सकाळी. त्याला वाटत होतं की या चुनखडीत तोंड खुपसावं आणि वर काढूच नये.

तो उतरून सरळ ओदिलच्या स्वयंपाकघरात गेला. प्रॉस्पेर डॉक्टरकडे गेलेला. ओदिल सणासाठी चीजचे फुगे, भट्टीत फुगणारे गोळे, करत होती, कोपरापर्यंत पीठ.

"पाय पूस," ती म्हणाली.

त्यानं पुसले. "मी वर जाऊन आलो."

तिचा हात थांबला नाही. "मग दिसलं असेल."

"तुला कधी कळलं?"

"काडी वाकवायला घेतली तेव्हाच. पहिल्या वेलीला म्हटलं, चुकला असेल. दहाव्या वेलीला काय ते कळलं."

"मला बोलली का नाहीस गं? शिव्या तरी द्यायच्यास!"

"दिल्या की. रोज दिल्या. वेलीला एक याप्रमाणे. ऐकायला तू नव्हतास, तू ओढ्याकडून जात होतास."

अरिस्तीदला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. "आणि प्रॉस्पेर?"

"त्याला काही माहीत नाही. त्याला चढता कुठे येतं?"

"मी सांगतो. बावीसला, सगळ्यांसमोर. मूर्ती घेणार नाही मी. घ्यायची लायकी नाही माझी."

ओदिलनं लाकडी चमचा भांड्यात टाकला. पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं.

"तोंड उघडून तर बघ! गेल्या फेब्रुवारीत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. डॉक्टर म्हणतोय उठ, मी म्हणतेय उठ. जेवायचासुद्धा नाही. तू कॉफी ढोसून गेलास ना, त्या सकाळी त्यानं पाय खाली टेकला. म्हणाला, अरिस्तीद त्या वाऱ्यात दोन दिवसांत चौदा ओळी करतो, मग मला खुर्चीपर्यंत जायला काय धाड भरलीय. तुझं काम खोटं होतं, पण त्याचा पाय खरोखर टेकला. आता तुला छाती हलकी करायचीय, म्हणून ते त्याच्याकडून काढून घेणार? मित्रानं आपल्याला फसवलं, हे घेऊन त्यानं म्हातारं व्हायचं? नाही. ओझं तुझं आहे. तूच वाहा."

"मग मी करू तरी काय, ओदिल?"

"मूर्ती घे. जेव. तो आभार मानेल तेव्हा ऐक. मध्ये उठायचं नाही." तिनं चमचा पुन्हा उचलला. "आणि त्या कात्रीला धार लाव. वेल चिरडलीस तू जागोजागी."

बावीस तारखेला प्रार्थना झाली, ब्रिओशचा गोड पाव वाटला, सगळे प्रॉस्पेरच्या घरी जमले. जेवण झाल्यावर प्रॉस्पेर काठी टेकून उठला. बोलायची सवय नाही बिचाऱ्याला. कानांपर्यंत लाल झालेला. म्हणाला, "मंडळानं माझी बाग राखली. सगळ्यांचे आभार. पण एकाचं नाव घेतो." आणि घेतलं. त्या वाऱ्याचं वर्णन केलं, जो वारा त्यानं खिडकीतून ऐकला होता. दोन दिवस सांगितले. टोपल्या सांगितल्या. अरिस्तीद खुर्चीच्या कडा धरून बसला होता. ओदिल फुग्यांचं ताट घेऊन त्याच्या पाठीमागे उभी होती, आणि ती हलत नव्हती.

मग प्रॉस्पेरनं पिंपातून काढलेली नवी वाईन आणली. फक्त त्या चौदा ओळींची, मुद्दाम वेगळी ठेवलेली. पहिला पेला अरिस्तीदला.

अरिस्तीद प्यायला. पातळ होती. माल जास्त लादलेल्या वेलीची वाईन, पाण्याला पिनोचा हात लावल्यासारखी. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाची जीभ जन्मभर याच कामात गेलेली. सगळ्यांनी आपापले पेले चाखले आणि उजेडाकडे धरून बघितले.

"हलकी आहे," काझिमीरबाबा म्हणाले. "माझ्या वयाला बरी."

"अरिस्तीद, तू सांग," प्रॉस्पेर म्हणाला. "कशी आहे?"

"चांगली आहे," अरिस्तीद म्हणाला. त्या दोन शब्दांना त्याला दोन दिवसांच्या छाटणीपेक्षा जास्त कष्ट पडले.

"चांगली आहे ना? मग आणखी एक ऐका. माझा पाय अजून वर चढण्यासारखा नाही. यंदा बाकीची बाग कुणीही छाटा, पण त्या चौदा ओळींना दुसऱ्या कुणाची कात्री लागू देणार नाही मी. अरिस्तीदचीच."

टाळ्या वाजल्या. मूर्ती अरिस्तीदच्या हातात आली. संतांच्या एका हातात घड, दुसऱ्या हातात छाटणीचा कोयता. घरी नेऊन त्यानं ती कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी इरेन म्हणाली, "संतांना भिंतीकडे तोंड करून कुणी ठेवलं?" तो कात्रीला धार लावत बसला. तिनं मूर्ती सरळ केली आणि फितींकडे बघितलं, तर खिळा रिकामा.

यंदा त्याला सहा दिवस लागले. बाबा येता-जाता विचारत होते, "काय रे, म्हातारा झालास?" तो म्हणत होता, "हो." प्रत्येक वेलीपुढे तो गुडघ्यावर बसायचा. गेल्या वर्षीचं आपलं सगळं लाकूड कापून टाकायचा, ओदिलनं राखलेल्या काडीपर्यंत मागे यायचा, आणि त्या काडीवर दोन डोळे ठेवायचा. वेलीला पुन्हा पहिल्यापासून. या ओळींवर यंदा द्राक्षं फार येणार नव्हती, आणि ते तो सगळ्यांना सांगत होता. मागून ओदिल बांधत येत होती. सहा दिवसांत दोघांत दहा वाक्यं झाली असतील तर शपथ.

सहाव्या दिवशी दुपारी खालून हाक आली. प्रॉस्पेर! काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत, पायवाटेनं वर येत होता. पडल्यापासून पहिल्यांदा. ओदिलच्या हातातली वाळुंजाची जुडी खाली पडली. तो आला, हातगाडीच्या दांडीवर टेकला, दम खाल्ला आणि चौदाव्या ओळीकडे बघायला लागला. तिथल्या तीसएक वेली अजून छाटायच्या राहिल्या होत्या. तो कष्टानं वाकला. खालच्या बांधलेल्या काडीला त्यानं बोट लावलं.

अरिस्तीदच्या हातातली कात्री उघडीच राहिली. आता कळणार. त्याला भीती वाटली आणि भीतीबरोबर सुटल्यासारखंही वाटलं.

"अरे!" प्रॉस्पेर म्हणाला. "म्हणजे माझ्या जुन्या वेलींना तू खालून नवं करायला घेतलंस? इतकी वर्षं मी म्हणत होतो, करायला हवं, करायला हवं. माझी हिंमत झाली नाही. आणि तू त्या वाऱ्यात उभा राहून एवढा पुढचा विचार केलास!"

अरिस्तीदनं ओदिलकडे बघितलं. ती जुडी गोळा करत होती, मान वर न करता.

"मी नाही रे," तो म्हणाला. त्यानं कात्री मिटली. "खरं सांगतो, प्रॉस्पेर. त्या काड्या मी राखल्या नाहीत. ओदिलनं राखल्या. सगळ्या. गाठी बघ."

प्रॉस्पेरनं गाठ बघितली, डावीकडची. बायकोकडे बघितलं, आणि तोंडभर हसला.

"तिनं राखल्या असतील. पण ती शिकली कुणाकडून? तुझीच छाटणी बघून ना?"

"हो," ओदिल म्हणाली. "त्याचीच बघून."

प्रॉस्पेरनं अरिस्तीदच्या पाठीवर थाप मारली. अरिस्तीद गुडघ्यावर बसला, पुढच्या वेलीवर दोन डोळे मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि कापलं.